प्रश्न विचारायची किंमत: बंदिस्त पंथांत एकमत कसं घडवलं जातं

20 मार्च 1995. सकाळच्या गर्दीत टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच माणसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पायाशी ठेवल्या, छत्रीच्या घासून टोकदार केलेल्या अणीने त्या भोसकल्या आणि ती उतरून निघून गेली. पिशव्यांत सरीन हे विष होतं. तेव्हा 13 जण दगावले, हजारो लोक आजारी पडले. पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळलेली एक महिला 2020 मध्ये गेली आणि मृतांची संख्या 14 झाली.

पिशव्या फोडणारे पाचही जण 'ओम् शिनरिक्यो' या पंथाचे होते. त्यांतला एक अनुभवी हृदयशल्यविशारद होता. दोघांनी नामांकित विद्यापीठांत भौतिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं होतं. म्हणजे 'अडाणी होते म्हणून फसले' हे स्पष्टीकरण इथे पहिल्याच पायरीवर कोसळतं.

अशा बातम्या येतच राहतात. 2023 मध्ये केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात चारशेहून जास्त मृतदेह उकरून काढावे लागले. उपाशी राहून मेलात तर येशू भेटेल, असं तिथल्या अनुयायांना सांगितलं गेल्याचा आरोप आहे. मार्च 2025 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने युनिफिकेशन चर्च या मूळ दक्षिण कोरियातल्या पंथाची जपानमधली नोंदणीकृत धर्मसंस्था बरखास्त करण्याचा आदेश दिला. दर वेळी लोक विचारतात, की चांगली डोकेबाज माणसं हे कसं काय मान्य करतात?

मला वाटतं, या प्रश्नातच एक गफलत आहे. माणसाला आधी एखादी गोष्ट पटते आणि मग तो 'हो' म्हणतो, असं आपण धरून चालतो. या पंथांमध्ये क्रम उलटा असतो. आधी चारचौघांत 'हो' म्हणायला लावतात, पटणं मागून येतं. आणि काहींच्या बाबतीत ते कधीच येत नाही, पण हे शेजारी बसलेल्यालाही कळू शकत नाही.

'बंदिस्त पंथ' कशाला म्हणायचं

इंग्रजीत 'कल्ट' हा शब्द इतका शिवीसारखा वापरला गेला, की बरेच अभ्यासक तो टाळतात. त्याऐवजी 'हाय-कंट्रोल ग्रुप' हा शब्द रूढ होतो आहे. सदस्याने काय करायचं, काय वाचायचं, कोणाशी बोलायचं, मनात काय आणायचं आणि कशाबद्दल अपराधी वाटून घ्यायचं, या सगळ्यावर ज्या गटाची हुकमत चालते आणि ही हुकमत झुगारणाऱ्याला ज्यात मोठी किंमत मोजावी लागते, असा गट. पुढे मी त्याला 'बंदिस्त पंथ' म्हणेन.

या व्याख्येत देव, परलोक, प्रलय, उडत्या तबकड्या यांचा उल्लेखच नाही, आणि ते मुद्दाम आहे. श्रद्धा किती विचित्र आहे यावरून गट धोकादायक आहे की नाही हे ठरत नाही. परग्रहावरून आपल्याला न्यायला कोणीतरी येणार आहे असं मानणारा माणूस वेळच्या वेळी विजेचं बिल भरत असेल, मुलांचा अभ्यास घेत असेल आणि कंटाळा आला की मंडळ सोडून जाऊ शकत असेल, तर त्याचं त्याला लखलाभ. उलट शिकवण अगदी ओळखीची, सोज्वळ, धर्मग्रंथातून उचललेली असूनही गट माणसाला गिळून टाकणारा असू शकतो. बघायचं ते हे, की तिथे 'मला हे पटत नाही' असं म्हटल्यावर पुढे काय होतं.

आत जाताना पंथ दिसतच नाही

पंथात जायचं असं ठरवून कोणी जात नाही. माणूस जातो योगवर्गाला, अभ्यासमंडळाला, व्यसनमुक्तीच्या बैठकीला, एखाद्या चांगल्या समाजकार्याला. ओम् शिनरिक्योची सुरुवात 1984 मध्ये एका छोट्या योगवर्गातून झाली. जिम जोन्स या धर्मोपदेशकाचं 'पीपल्स टेंपल' 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये काळ्या-गोऱ्यांना एकाच छताखाली बसवत होतं, तेव्हा तिथे ही सोपी गोष्ट नव्हती. गरिबांना जेवण, वृद्धांना आधार असं खरंखुरं काम तिथे चालायचं. 1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमलं होतं. बाहेरून पाहणाऱ्या शहाण्यासुरत्या राजकारण्यांनाही काही खटकलं नाही, मग आतल्या माणसाला का खटकावं?

सुरुवातीला मिळतं ते प्रेम. नव्या माणसाभोवती सगळे गोळा होतात, त्याचं ऐकतात, त्याचं कौतुक करतात, त्याला एकटं सोडत नाहीत. याला 'लव्ह बॉम्बिंग' म्हणतात. घरापासून दूर आलेला विद्यार्थी, नुकतंच जोडीदाराला गमावलेली व्यक्ती, नोकरी गेलेला माणूस यांना हा वर्षाव किती हवाहवासा वाटेल हे सांगायला नको. त्यातले बरेच जण मनापासून प्रेम करतही असतात, ते ढोंगी नसतात. फक्त ते प्रेम सशर्त आहे हे नव्या माणसाला फार उशिरा कळतं.

रेषा मोजायचा प्रयोग

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेषा, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब आहे ते सांगायचं. लहान मुलालाही जमेल असं काम. एकट्याने उत्तर द्यायचं असेल तर चूक जवळपास होतच नव्हती.

पण खोलीत बसलेले बाकीचे सगळे ॲशने आधीच फितवलेले होते. ठरलेल्या फेऱ्यांत ते एकापाठोपाठ एक तेच चुकीचं उत्तर ठामपणे द्यायचे आणि मग खऱ्या उमेदवाराची पाळी यायची. अशा फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने चुकीची आली. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून इतरांची री ओढली. इथे कोणी धमकी दिली नव्हती, पगार अडवला नव्हता, नरकाची भीती घातली नव्हती. समोर होते ते अनोळखी लोक, आणि पुन्हा त्यांची गाठही पडणार नव्हती.

या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र क्वचित सांगितला जातो, आणि आपल्या विषयासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे. फितवलेल्यांपैकी एकाच माणसाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, की गर्दीचा दबाव एकदम ढासळायचा आणि गर्दीच्या मागे जाऊन होणाऱ्या चुका आधीच्या साधारण एक चतुर्थांशावर यायच्या. उत्तर तोंडाने न सांगता कागदावर लिहायचं असेल तेव्हाही चुका बऱ्याच कमी व्हायच्या.

बंदिस्त पंथ चालवणाऱ्याला ॲशचं नाव माहीत असण्याची गरज नसते, पण ही दोन गुपितं त्याला अनुभवाने कळलेली असतात. म्हणून तिथे खासगी मत नावाची गोष्ट ठेवली जात नाही, सगळं सर्वांसमोर होतं: घोषणा, अनुभवकथन, कबुली, हात वर करणं. आणि म्हणूनच दोन शंकेखोर एकमेकांना सापडू नयेत याची फार काळजी घेतली जाते.

कबुली, बोलभाषा आणि पाळत

रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या 'विचार-सुधारणा' मोहिमेतून बाहेर पडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1961 मध्ये अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली. आठही इथे देत नाही, त्यांतली दोन जरा जवळून पाहू.

एक म्हणजे कबुली. स्वतःची पापं, वासना, पंथाविषयी मनात आलेले वाईट विचार हे सगळं गटापुढे किंवा वरिष्ठापुढे ओकायचं. पहिल्यांदा याने मोकळं वाटतं, हे खरं आहे. पण ती माहिती परत मिळत नाही, ती कुणाच्या तरी वहीत जाते. पीपल्स टेंपलमध्ये सदस्यांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात. न केलेल्या गुन्ह्यांचे, अगदी मुलांवर अत्याचार केल्याचे कबुलीजबाबही निष्ठेची परीक्षा म्हणून लिहून घेतले जात. असा कागद ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध बाहेर जाऊन तोंड उघडायची हिंमत कोण करेल?

दुसरं लक्षण पंथाच्या खास बोलीचं. प्रत्येक क्षेत्राला स्वतःची परिभाषा असते, त्यात गैर काही नाही. पण इथली वाक्यं विचार सुरू होण्याआधीच त्याचा गळा धरतात. 'हा तुझा अहंकार बोलतोय', 'बुद्धीने नको, समर्पणाने बघ', 'तुझी अजून तेवढी पातळी नाही'. यांतल्या एकाही वाक्यात मूळ प्रश्नाचं उत्तर नसतं, पण ऐकणारा गप्प होतो. काही महिन्यांनी ही वाक्यं दुसऱ्याला म्हणावी लागत नाहीत, माणूस ती स्वतःलाच ऐकवू लागतो.

याच्या जोडीला पाळत असते. नवऱ्याने बायकोबद्दल, मुलाने आईबद्दल, मित्राने मित्राबद्दल वर कळवायचं. कळवणं हे प्रेम आहे, कारण त्यामुळे त्याचा आत्मा वाचतो, असं शिकवलेलं असतं. परिणाम असा, की ज्याला शंका आली आहे तो ती सगळ्यांत जवळच्या माणसाला सर्वांत आधी लपवतो. शंभर जणांच्या खोलीत चाळिसांना शंका असू शकते, आणि त्या चाळिसांतल्या प्रत्येकाची खात्री असते की नव्व्याण्णव जण पक्के आहेत, कच्चा मी एकटाच. म्हणून अशा गटांबाबत 'सगळे कसे एकमुखाने बोलतात बघा' हा भक्कम श्रद्धेचा पुरावा मानता येत नाही.

जोन्सटाउनची ध्वनिफीत

18 नोव्हेंबर 1978 ला दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात, पीपल्स टेंपलने वसवलेल्या जोन्सटाउनमध्ये नऊशेहून जास्त माणसं विषाने मेली. त्यांत सुमारे तीनशे मुलं होती. त्या शेवटच्या सभेची साधारण पाऊण तासाची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तिचा उल्लेख बहुतेक वेळा 'सामूहिक आत्महत्या' या दोन शब्दांत आटोपला जातो, आणि तिथेच मोठा घोळ होतो.

त्या फितीवर क्रिस्टीन मिलर नावाच्या साठीच्या घरातल्या एक काळ्या अमेरिकन बाई उभ्या राहून जोन्सला प्रश्न विचारताना ऐकू येतात. रशियाला जायचा पर्याय उरला नाही का? बाळांकडे बघितलं तर त्यांना जगायचा हक्क आहे असं वाटतं. जीव आहे तोवर आशा आहे. त्यांच्या बोलण्यात आरडाओरडा नाही, त्या मुद्द्याला धरून बोलतात. जोन्स त्यांच्याशी बऱ्यापैकी शांतपणे बोलतो, कारण त्यांना गप्प करण्याचं काम त्याला करावंच लागत नाही. ते काम गर्दी करते. एक माणूस त्यांना सुनावतो, की आज तू इथे उभी आहेस तीही त्याच्यामुळेच. लोक टाळ्या वाजवतात, ओरडतात, आणि थोड्या वेळाने मिलर बाईंचा आवाज फितीवर पुन्हा येत नाही.

सभेभोवती बंदूकधारी होते. पासपोर्ट आधीच जमा करून घेतलेले होते. पत्रं वाचली जात. असा प्रसंग आला तर काय करायचं याच्या रंगीत तालमी आधी झाल्या होत्या. विष आहे असं सांगून पेय प्यायला लावायचं आणि नंतर ती निष्ठेची परीक्षा होती असं जाहीर करायचं. त्यामुळे त्या दिवशी किती जणांना हे खरं वाटलं आणि किती जणांना आणखी एक परीक्षा, हे कोणालाच सांगता येणार नाही. मुलांना तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. याला आत्महत्या म्हणणं मला पटत नाही.

त्याच दिवशी सकाळी 11 जण, लहान मुलांसह, सहलीला जातो असं भासवून वस्तीतून बाहेर पडले आणि कित्येक मैल जंगलातून चालत जाऊन वाचले. त्यांनी आधी एकमेकांना मनातलं सांगायची जोखीम घेतली होती. ॲशच्या प्रयोगातला तो एक खरं बोलणारा जोडीदार त्यांना मिळाला होता.

'पण त्यांना बेड्या घातलेल्या नसतात, मग सोडून का जात नाहीत?'

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या सुरात थोडा तुच्छतेचा वास असतो.

समजा, तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलंत. दरवर्षी एक खोली वाढवली, साठवलेले पैसे त्यात घातले, लग्न त्याच अंगणात झालं, मुलं तिथेच जन्मली. पंधरा वर्षांनी लक्षात येतं, की मालक लबाड आहे. निघायचं तर घर उचलून नेता येत नाही. जेवढं जास्त बांधलं, तेवढं निघणं अवघड, आणि तेवढंच 'मालक इतकाही वाईट नाही' असं मनाला समजावणं सोपं.

पंथात हे घर वेगवेगळ्या विटांचं असतं. पैसा ही त्यातली सर्वांत छोटी. ओम् शिनरिक्योत पूर्णवेळ संन्यास घेणाऱ्याला सगळी मालमत्ता द्यावी लागे. गुरूच्या मेंदूतल्या लहरी आपल्या मेंदूत उतरतात म्हणून विजेच्या तारा जोडलेली टोपी घालायला दिली जाई आणि तिच्यासाठी लाखो येन आकारले जात. पण पैसा पुन्हा कमावता येतो. शिक्षण अर्धवट सोडलेलं असतं, बाहेरचे मित्र तुटलेले असतात, पंथाबाहेरच्या नोकरीचा अनुभव नसतो. मुख्य म्हणजे आई, भाऊ, नवरा, मुलं आत असतात.

आणि मग वाळीत टाकणं. जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती गटात बहिष्कृत केलेल्याशी जवळच्यांनीही संबंध तोडण्याची पद्धत आहे. 2024 मध्ये तिथले नियम थोडे सैल झाले. सायंटॉलॉजी या अमेरिकेत सुरू झालेल्या पंथात 'डिसकनेक्शन' नावाने हाच प्रकार चालतो. यात कोणी कुणाला हात लावत नाही. फक्त आई फोन उचलत नाही.

याच्याही वर एक अदृश्य किंमत असते. बाहेर पडलास तर आजार येईल, अपघात होईल, आत्मा नष्ट होईल हे वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. डोक्याला पटेनासं झालं, तरी छातीतली धडधड थांबायला वेळ लागतो. बाहेर पडलेल्या अनेकांना पहिल्या वर्षी साधा ताप आला तरी 'ही शिक्षा तर नव्हे?' असं वाटून जातं.

'म्हणजे ब्रेनवॉशिंगच ना?'

इथे जरा हात आखडता घेतलेला बरा. 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द 1950 मध्ये एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने कम्युनिस्ट चीनबद्दल लिहिताना प्रचलित केला. पुढे तो पंथांना चिकटला, आणि जणू एखादी कळ दाबली की माणसाची इच्छाशक्तीच नाहीशी होते अशी समजूत पसरली. पुरावे तसं सांगत नाहीत. आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी युनिफिकेशन चर्चच्या निवासी शिबिरांना गेलेल्या हजाराहून अधिक लोकांचा माग काढला. जवळपास नव्वद टक्के लोक सामील झालेच नाहीत. झालेल्यांतले बहुसंख्य दोन वर्षांत स्वतःहून बाहेर पडले. जादूची कांडी असती तर इतकी वाईट कामगिरी केली नसती. 1987 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या विषयावर स्वतःच नेमलेल्या गटाचा अहवाल शास्त्रीय काटेकोरपणा नाही म्हणून स्वीकारला नाही.

या समजुतीने प्रत्यक्ष नुकसानही केलं. 'मेंदू धुतलाच आहे, तर उलटा धुवा' या न्यायाने 1970 च्या दशकात अमेरिकेत 'डीप्रोग्रॅमिंग'चा धंदा सुरू झाला. पालक पैसे देत, आणि सज्ञान मुलांना पळवून नेऊन, खोलीत कोंडून, दिवसेंदिवस त्यांच्याशी वाद घालून श्रद्धा सोडायला लावत. पंथ करत होता त्याचीच ही दुसरी आवृत्ती. 1995 मध्ये अशाच एका प्रकरणात ज्यूरीने तरुणाच्या बाजूने लाखो डॉलरची भरपाई मंजूर केली आणि त्यात गोवलेली 'कल्ट अवेअरनेस नेटवर्क' ही पंथविरोधी संघटना दिवाळखोरीत गेली.

म्हणजे जबरदस्ती नसते का? असते. पण ती नेहमीच्याच मानवी गोष्टींतून विणलेली असते: आपलेपणाची भूक, चारचौघांत वेगळं पडायची लाज, घातलेल्या पैशा-वर्षांची हळहळ, आप्तांचा विरह. यांतली एकेक गोष्ट आपण सगळ्यांनी भोगलेली आहे. पंथ त्या सगळ्या एका जागी आणतो आणि बाहेरच्या वाटा बुजवतो.

'मग मठ, आश्रम, सैन्य यांत काय वेगळं आहे?'

हा आक्षेप वजनदार आहे. संन्यासीही घर सोडतो, मालमत्तेवर पाणी सोडतो, आज्ञेत राहतो. सैनिकही प्रश्न न विचारता हुकूम पाळतो. मग बोट फक्त नव्या पंथांकडेच का?

कॅथलिक चर्चचा 1983 चा धर्मकायदा उघडून पाहिला तर काही गोष्टी लक्षात येतात. मठात प्रवेश केलेल्याला किमान 12 महिने उमेदवारी करावी लागते. त्यानंतर किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं. ती मुदत संपली की माणूस निमूट घरी जाऊ शकतो. कायमची व्रतं त्यानंतर. शिवाय एक कलम असंही आहे, की मठातल्या वरिष्ठांनी सदस्याला आपल्यापुढे मनातलं उघड करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये. सत्ता आणि कबुली एकाच हातात गेली की काय होतं, याचा अनुभव त्या संस्थेने शतकानुशतकं घेतला असणार. थेरवादी बौद्ध परंपरेत तर भिक्षूने दुसऱ्या समजत्या माणसासमोर 'मी भिक्षुत्व सोडतो' असं स्पष्ट म्हटलं की तो मोकळा.

जुन्या परंपरा यामुळे निर्दोष ठरत नाहीत. त्यांच्यातही अत्याचार झाले, दडपले गेले, आणि ते उघड व्हायला पिढ्या गेल्या. पण निदान कागदावर त्या माणसाला थांबायला, विचार करायला, परत फिरायला वेळ देतात. बंदिस्त पंथ घाई करतो. निर्णय आज रात्रीच, शिबिर संपण्याआधीच, घरी फोन करण्याआधीच. सैनिकाचं म्हणाल, तर त्याच्या वरिष्ठालाही कायदा लागू असतो, नोकरीला मुदत असते, आणि रजेवर घरी आल्यावर तो काय वाचतो, कोणाला मत देतो हे विचारायला कोणी येत नाही.

थोडक्यात फरक काळा-पांढरा नाही, तो चढत्या पट्टीसारखा आहे. एखादी प्रतिष्ठित संस्थाही या पट्टीवर वर सरकू शकते आणि एखादा बदनाम पंथ खाली येऊ शकतो. एकाच संस्थेची एक शाखा मोकळी आणि दुसरी गुदमरवणारी असंही घडतं.

'सज्ञान माणसं आहेत, कायद्याने मध्ये का पडावं?'

मनात काय मानायचं यात कायद्याने अजिबात पडू नये, यावर माझ्या मते तडजोड नको. पण 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं अठरावं कलम दोन्ही बाजूंनी बोलतं. श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे, आणि ते बाधित होईल अशी सक्ती कोणावरही होता कामा नये. ही सक्ती सरकारकडूनच होते असं नाही, स्वतःच्या गुरूकडूनही होऊ शकते.

प्रत्यक्षात मात्र कायदे करताना सगळ्यांची तारांबळ उडाली आहे. फ्रान्सने 2001 मध्ये मानसिक अंकित अवस्थेत असलेल्या माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेणं हा गुन्हा ठरवला आणि 2024 मध्ये तरतूद आणखी कडक केली. माणूस 'अंकित' आहे हे ठरवणार कोण, ही त्यावरची टीका अजून संपलेली नाही. इंग्लंडने 2015 मध्ये नियंत्रण आणि जबरदस्तीचं वर्तन हा गुन्हा केला, पण तो जोडीदार आणि कुटुंबीयांपुरता. गुरू आणि शिष्य त्यात येत नाहीत.

बेल्जियममध्ये गेंटच्या न्यायालयाने 2021 मध्ये जेहोवाज विटनेसेसना बहिष्काराच्या प्रथेबद्दल दंड केला. पुढच्याच वर्षी अपिलात तो रद्द झाला. भारतात मुंबई राज्याने 1949 मध्ये समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कायदा रद्द केला. बहिष्काराचा अधिकार हा धर्मपंथाचा अंतर्गत कारभार आहे, असं त्याचं सार. 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल पुन्हा तपासण्यासाठी नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळ्या वाटेने आला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पेच सगळीकडे एकच. आईने मुलीशी बोललंच पाहिजे असा हुकूम कोणतं कोर्ट काढणार? पण न बोलण्याचा हुकूम संघटनेच्या व्यासपीठावरून निघत असेल, तर तो आईचा खासगी निर्णय उरतो का?

मला जपानची वाट त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटते. जुलै 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. आईने युनिफिकेशन चर्चला दिलेल्या प्रचंड देणग्यांनी आपलं घर धुळीला मिळालं, हा मारेकऱ्याचा राग होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या संसदेने कायदा केला. भीती घालून देणगी मागायला बंदी, कर्ज काढून किंवा राहतं घर विकून पैसे आणा असं सांगायलाही बंदी. यात श्रद्धेला हात लावलेला नाही, मागण्याच्या पद्धतीला लावला आहे. 2025 च्या बरखास्तीच्या आदेशानेही गेली ती धर्मसंस्थेची कायदेशीर नोंदणी आणि तिच्यासोबतची करसवलत. प्रार्थना करायला कोणाला मज्जाव केलेला नाही.

देणग्यांच्या त्या कायद्याच्या सुमारासच, 2022 च्या अखेरीस, जपानच्या आरोग्य मंत्रालयाने एक मार्गदर्शिका काढली. नरकात जाशील अशी धमकी देऊन मुलाला धार्मिक कार्यक्रमांत ओढणं हा बालछळ मानावा, असं तिच्यात म्हटलं आहे. 'स्वतः निवडलं' हा युक्तिवाद पंथात जन्मलेल्या मुलांना लागूच पडत नाही. त्यांनी काही निवडलेलं नसतं, आणि बाहेरचं जग त्यांनी कधी पाहिलेलंच नसल्यामुळे ते कसं असतं हे त्यांना आठवूही शकत नाही.

आपलं माणूस आत असेल तर

पहिली उबळ येते ती वाद घालायची. गुरूचे घोटाळे, जुन्या बातम्या, व्हिडिओ समोर टाकायचे. याने बहुधा उलटंच होतं. 'घरचे विरोध करतील' हे तिथे आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि आपण भांडून ती भविष्यवाणी खरी करून देतो. 'आम्ही की ते, ठरव' हा निर्वाणीचा इशारा तर पंथाच्या पथ्यावरच पडतो, कारण त्यांनाही तेच हवं असतं.

त्यापेक्षा संबंध टिकवणं जास्त उपयोगी पडतं, मग ते बोलणं कितीही वरवरचं असो. वाढदिवसाचा फोन, जुन्या मित्राची खबर, आजीची तब्येत. शिकवणीवर बोलायचंच झालं तर विधानं करण्याऐवजी खरोखर जाणून घ्यायचे प्रश्न विचारावेत: तिथे कोणी मतभेद दाखवला तर काय होतं? पूर्वी होते ते अमुक आता दिसत नाहीत, कुठे गेले? उत्तर लगेच मिळालं नाही तरी हरकत नाही. माघारी यायचं झालं तर अपमान न होता येता येईल एवढी फट दारात ठेवावी. 'मी सांगत होतो ना' हे वाक्य निदान पहिली दोन-तीन वर्षं गिळून टाकावं.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा नको. सामाईक खाती, घराची कागदपत्रं, विमा, वारसनोंद हे वेळीच तपासून घ्यावं आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. बाहेर आलेल्या माणसाला लगेच मोठे निर्णय घ्यायला लावू नये. कोणते कपडे घालायचे, रविवारी काय करायचं हेसुद्धा दुसऱ्याने ठरवलेलं असल्यामुळे साध्या निवडीनेही तो गोंधळतो, आणि कधीकधी पंथातल्या मैत्रीची आठवण काढून रडतो. ते रडणं म्हणजे परत जायची इच्छा असं समजून घाबरू नये. मारहाण, उपासमार, औषधोपचार नाकारणं किंवा मुलांवरचा अत्याचार यांचा संशय असेल, तर मात्र नात्यांचा विचार बाजूला ठेवून पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे त्याच दिवशी जावं.